चांद्याच्या पाच खिडक्या

चंद्रपूरच्या जुन्या शहरात पत्ता विचारला, तर सांगणारा माणूस कधी कधी खिडकीतून जायला सांगतो. ‘बगड खिडकीतून निघा आन् सरळ जा, भाऊ.’ बाहेरगावचा पाहुणा ते ऐकून थबकतो. त्याच्या मराठीत खिडकीतून ऊन येते, वारा येतो, शेजारच्या घरातला आवाज येतो. रस्ता जात नाही. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्याच, मराठीत जातो. गोंड राजांनी बांधलेल्या इथल्या परकोटाला चार दिशांना चार मोठे दरवाजे आहेत आणि मधल्या तटात पाच खिडक्या आहेत: चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, मसण खिडकी आणि बगड खिडकी. त्यांना गज नाहीत, झडपा नाहीत. तटातून आत-बाहेर करण्याच्या त्या लहान वाटा आहेत. हत्ती, लवाजमा आणि फौज मोठ्या दरवाजाने जायची; पायी चालणाऱ्याला खिडकी पुरायची.

मोठ्या दरवाजांच्या नावांची गत मात्र वेगळी झाली. उत्तरेचा जटपुरा, दक्षिणेचा पठाणपुरा, पश्चिमेचा बिनबा, पूर्वेचा अंचलेश्वर. या चारही नावांपुढे आजचा चंद्रपूरकर ‘गेट’ लावतो. ऑटोवाला जटपुरा गेट म्हणतो, भाजी विकणारी बाई म्हणते, महापालिकेचा फलकही तेच म्हणतो. हत्तीला दाबून धरणारा गोंडांचा सिंह ज्याच्यावर कोरलेला आहे तो दरवाजा गेट झाला. 1818 च्या मे महिन्यात इंग्रज फौजेने चांद्याचा किल्ला घेतला, 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्यच खालसा झाले, आणि पुढच्या दप्तरांत, नकाशांत इंग्रजी शब्द रुजला. त्या दप्तराने खिडक्यांना हात लावला नाही. लावण्याजोग्या त्या मोठ्या नव्हत्या. राज्य बदलले की नावे बदलतात असे आपण म्हणतो, पण बदलतात ती कागदाला लागणारी नावे. तोंडी वापरात राहणाऱ्या लहानसहान वस्तूंकडे कागदाचे लक्ष जात नाही, आणि त्यामुळेच त्यांच्यात कितीतरी जुने अर्थ टिकून राहतात.

खिडकी हा शब्द मुळात दाराचाच. संस्कृत कोशांत ‘खडक्किका’ आहे, अर्थ मागचे किंवा खाजगी दार. पण तो अस्सल संस्कृत नव्हे. लोकभाषेतला शब्द पंडितांनी संस्कृतचा वेश देऊन आत घेतला. हेमचंद्राने 12व्या शतकात गुजरातेत बसून ‘देशीनाममाला’ रचली, ज्या शब्दांची व्युत्पत्ती संस्कृतातून लागत नाही अशा शब्दांचा कोश. त्यात ‘खडक्की’ आहे आणि तिचा अर्थ आहे लहान दार. गुजरातीत आजही ‘खडकी’ म्हणजे घरांच्या समूहाला किंवा गल्लीला असलेले प्रवेशद्वार. बंगालीत ‘खिडकी’ म्हणजे परसदार. घरातल्या बायका ज्या मागच्या तळ्यावर जात, ते तळे बंगाली घरात खिडकीचे तळे. पश्चिमेला गुजरात, पूर्वेला बंगाल, आणि मधे झाडीच्या प्रदेशात चांदा. या तिन्ही ठिकाणी शब्द दाराशी उभा राहिला. उरलेल्या मराठीत आणि हिंदीत तो दारावरून सरकत भिंतीच्या वर गेला आणि गवाक्षाच्या जागी बसला. दिल्लीतही हा जुना अर्थ एकेकाळी होता: शाहजहानाबादच्या तटाला मोठे दरवाजे होते तशा लहान खिडक्याही होत्या.

हा प्रवास कसा झाला असेल तेही शब्दातच दिसते. मोठ्या दरवाजाच्या फळीत एक लहान दार असते. रात्री मुख्य दरवाजा बंद झाला की त्या लहान दारातून पहारेकरी बाहेर डोकावतो, ओळख पटवतो आणि मग माणसाला वाकून आत घेतो. डोकावण्याचे दार आणि डोकावण्याचे भोक यांत फार अंतर नाही. रेल्वेच्या तिकीट खिडकीत किंवा सरकारच्या ‘एक खिडकी’ योजनेत आपण अजून याच अर्थाच्या अर्ध्या वाटेवर आहोत. त्या खिडकीतून कोणी बाहेरचे दृश्य पाहत नाही, तिथे देणेघेणे चालते.

सह्याद्रीच्या मराठीत अशा दारासाठी दुसरा शब्द आहे, दिंडी. दिंडी दरवाजा म्हणजे मोठ्या दारातले लहान दार. रायगडावर चोर दिंडी आहे. सह्याद्रीत जी चोर दिंडी, ती चांद्यात चोर खिडकी. एकच मराठी, एकच गरज, आणि नावे दोन. कारण चांद्याची मराठी हिंदी, गोंडी आणि तेलुगूच्या शेजारात वाढली. यातला ‘चोर’ चोरी करणारा नव्हे. चोरवाट, चोरकप्पा, चोरपावले या शब्दांत तो जसा लपलेपण सांगतो, तसाच इथे. वेढा पडला तर आतल्या माणसाने कोणाच्या नजरेला न येता बाहेर पडावे, यासाठी ठेवलेली वाट ती चोर खिडकी.

मसण खिडकी या नावापाशी मला प्रत्येक वेळी थांबावेसे वाटते. श्मशानाचे प्राकृतात मसाण झाले आणि मराठीत मसण. पुढे शिकलेल्या मराठीने स्मशान हा शब्द परत आणला आणि मसण शिवीत, म्हणीत आणि वैतागात ढकलला गेला. मसणात गेला, मसणवटा, हाडे मसणात गेली. या शब्दाला आता चारचौघांत जागा नाही. चांद्याच्या तटात मात्र तो आपल्या साध्या, रोजच्या अर्थाने उभा आहे. गावातल्या मेलेल्या माणसाला ज्या वाटेने शेवटचे बाहेर नेत, ती मसण खिडकी. राजाच्या दरवाजाने मढे जात नसे, त्याची वाट वेगळी. तिला नाव देताना गावकऱ्यांनी शब्द झाकला नाही, सजवलाही नाही. आजच्या फलकांवर ‘मोक्षधाम’ लिहिणाऱ्या आपल्याला एवढा सरळपणा जमत नाही, आणि मला तो आपला तोटा वाटतो.

परकोट हाही इथलाच रोजचा शब्द. पुण्याकडचा माणूस तट किंवा तटबंदी म्हणेल; चंद्रपूरकर परकोट म्हणतो. परि म्हणजे सभोवार. कोट संस्कृतातही आहे, पण दक्षिणेच्या भाषांत त्याचे गोत मोठे: तेलुगूत कोटा, तमिळमध्ये कोट्टै. परकोटाच्या आतले राजघराणे गोंड, आणि गोंडी ही तेलुगू-तमिळच्याच कुळातली भाषा; एटापल्ली, मोलमपल्ली अशा गावांच्या नावांतून हे नाते गडचिरोलीभर पसरलेले आहे. कोटाला जोडलेला बुरूज अरबी ‘बुर्ज’वरून आला आणि अरबीत तो ग्रीकांच्या ‘पिर्गोस’वरून आला असे मानतात. किल्लाही अरबीच. एका भिंतीच्या नावांत एवढी राज्ये आणि एवढे व्यापारी येऊन गेले आहेत. 2017 मध्ये इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेच्या तरुणांनी हा परकोट झाडाझुडपांतून आणि कचऱ्यातून मोकळा करायला घेतला. त्या कामामुळे बुरजांवर चालता येऊ लागले, आणि शहरातल्या पुष्कळ लोकांनी आपल्याच गावाची ही नावे पायांनी वाचली.

यॉर्क हे इंग्लंडमधले असेच तटबंदीचे शहर आहे. तिथे रस्त्यांच्या नावांत ‘गेट’ असते आणि दरवाजांना ‘बार’ म्हणतात. मिकलगेट बार म्हणजे मोठ्या रस्त्यावरचा दरवाजा. व्हायकिंगांच्या भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता, त्यावरून तो गेट आला. दाराचा इंग्रजी गेट वेगळा, दिसायला तेवढा सारखा. तिथेही राज्यकर्ते येऊन गेले आणि त्यांची भाषा रस्त्यांवर राहिली. चांद्याशी तुलना करण्याजोगी शहरे फार थोडी आहेत आणि यॉर्क त्यांतले एक आहे असे मला मनापासून वाटते.

जटपुरा गेटातून आत शिरले की रस्ता गांधी चौकाकडे जातो आणि पुढे पठाणपुऱ्याकडे. चौक हा चतुष्काचा वंशज: चतुष्क, चउक्क, चौक. चाराचा समूह एवढाच मूळ अर्थ. त्याचे पुढे काय काय झाले पाहा. वाड्याच्या चार सोप्यांमधली उघडी जागा चौक झाली. लग्नात पिठाने भरलेली रांगोळी चौक झाली. वारल्यांच्या घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर काढतात तोही चौक. आणि चार रस्ते जिथे भेटतात ती जागाही चौक. गडचिरोलीत तर हा शब्द अक्षरशः खरा आहे. इंदिरा गांधी चौकातून चार रस्ते फुटतात आणि चारही रस्ते ते जिथे जातात त्या गावाच्या नावाने ओळखले जातात: चंद्रपूर, आरमोरी, धानोरा, चामोर्शी. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, आणि त्याची सगळी दिशादर्शक व्यवस्था त्या एका चतुष्कात मावते.

युरोपातली मोठी देवळे ज्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभी असतात तिला पिआत्सा, प्लाझा, प्लास अशी नावे आहेत, आणि ती सगळी ग्रीक ‘प्लातेइआ’वरून, रुंद वाट या अर्थाने. हा ‘प्लातुस’ म्हणजे आपला ‘पृथु’, पृथ्वी ज्याच्यावरून पृथ्वी झाली तो. तिकडच्या चौकाचे नाव रुंदीवरून पडले, आपल्या चौकाचे चार या संख्येवरून. म्हणून आपला चौक ओलांडण्याची जागा राहिला, थांबण्याची फारशी झाला नाही. थांबण्याची, जमण्याची जागा मराठीत चव्हाटा. त्यात चार आहेत आणि हाटही आहे; प्राकृत चउहट्ट म्हणजे चार वाटांवरचा बाजार. बाजारात बातमी फुटते, म्हणून चव्हाट्यावर आणणे. माडिया गोंडांच्या गावात ही जमण्याची जागा गोटूल. तिथे चार रस्त्यांची अट नाही, गावाने एकत्र बसण्याची आहे.

आणि चंद्रपुरात माणसे खरोखर सर्वांत मोठ्या संख्येने जमली, त्या जागेला चौक हे नाव नाही, मैदानही नाही. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लोकांना दीक्षा दिली. त्या जागेचे नाव दीक्षाभूमी. तिथे घडलेल्या कृतीवरूनच जागेला नाव मिळाले. शहराच्या सगळ्या नावांत हे मला सर्वांत वजनदार वाटते, कारण ते राजाने दिले नाही आणि साहेबानेही दिले नाही.

पूर्वेच्या दरवाजाशी अंचलेश्वराचे देऊळ आहे. शब्द मूळचा अचलेश्वर, न हलणाऱ्याचा ईश्वर. लोकांच्या उच्चारात अनुनासिक शिरला आणि अंचलेश्वर झाला. शेजारीच गोंड राजांच्या समाध्या. त्यांतली बीरशहाची समाधी सर्वांत देखणी. त्याचा खून झाल्यावर 18व्या शतकाच्या सुरुवातीला राणी हिराईने राज्य सांभाळले आणि पतीची ही समाधी उभारली. तिच्याच नावाशी जवळचे महाकालीचे देऊळही जोडलेले आहे. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येतात, झरपट नदीत अंघोळ करतात आणि मग देवीपुढे जातात. यात्रा आणि जत्रा एकच, आधीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ झाला एवढेच; पण मराठीने दोन्ही ठेवले आणि कामे वाटून दिली. लोक यात्रेला येतात, आणि आल्यावर जत्रा भरते.

समाधी या शब्दाची वाट लांबची आहे. सम्, आ आणि धा: नीट एकत्र ठेवणे. मन एकवटणे हा त्याचा योगातला अर्थ. मग ज्ञानेश्वरांसारख्या संताने 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा ती कृती होती. त्या कृतीच्या जागेवर बांधकाम झाले आणि बांधकामालाच समाधी म्हणू लागले. पुढे राजेही समाधीत गेले. बीरशहाने योग साधला नव्हता, त्याला मारले गेले होते. तरी हिराईच्या त्या घुमटाला लोकांनी कबर म्हटले नाही की थडगे म्हटले नाही, समाधी म्हटले, आणि आजूबाजूच्या वस्तीला समाधी वार्ड. विदर्भात वॉर्ड नसतो, वार्ड असतो, आणि हा उपरा शब्द इथे फार शोभतो. इंग्रजीत ‘वार्ड’ मुळात राखण. जुन्या इंग्रजी किल्ल्यांत तटाने राखलेल्या आतल्या आवारालाच वार्ड म्हणत. महापालिकेच्या निवडणुकीसाठी आलेला शब्द परकोटाच्या आत येऊन नकळत आपल्या जुन्या अर्थाला मिळाला.

देऊळ म्हणजे देवकुल, देवाचे घर. राऊळ म्हणजे राजकुल, राजाचे घर. ‘क’ दोन्हींत गळला आणि दोन्ही शब्द सारखेच गुळगुळीत झाले. मराठीत मौज अशी की राऊळ हा शब्दही हळूहळू देवाकडे गेला. विठ्ठलाचे राऊळ म्हणताना राजाची आठवण होत नाही. देव हाच राजा, असे मानणाऱ्या भक्तांनी ते घर बदलले. चांद्यात देऊळ राहिले आणि राऊळ खरोखरच गेले. गोंड राजांच्या वाड्याच्या जागी इंग्रजांनी तुरुंग केला. तुरुंग हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’चा, म्हणजे कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी ओंडका, त्यावरून खोडा, त्यावरून कैदखाना. समुद्रकाठचा शब्द जंगलातल्या राजवाड्यात येऊन बसला. याच तुरुंगाच्या आवारात 21 ऑक्टोबर 1858 रोजी इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. गोंड राजांच्या घरात एका गोंड वीराला परक्या शब्दाखाली मारले, ही गोष्ट मला व्युत्पत्ती लिहितानाही बाजूला ठेवता येत नाही.

देवळांविषयी बोलताना एका नावावर मात्र मी हरकत घेईन. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. नदी तिथे उत्तरेकडे वळते, शिवरात्रीला मोठी यात्रा भरते. 19व्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने या देवळांचे वर्णन केले आणि अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. या देवळांना सर्रास हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा 13व्या शतकातला मंत्री. मार्कंड्याचे मुख्य देऊळ त्याच्या आधीचे. महाराष्ट्रात दगडी, जुने आणि कोणी बांधले ते ठाऊक नसलेले प्रत्येक देऊळ हेमाडपंती होते, आणि त्यामुळे ते ज्यांनी घडवले त्या कारागिरांचा काळच पुसला जातो. खिडकीने जुना अर्थ सांभाळला, हेमाडपंतीने जुना काळ झाकला.

आता शहराच्या नावाकडे. कथा बहुतेकांना ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहा या राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपटीच्या पात्रात गेला, तिथल्या खड्ड्यातल्या पाण्याने तोंड धुतले आणि व्याधी गेली. पुढे त्याच परिसरात त्याने एक ससा कुत्र्यामागे लागलेला पाहिला. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. राणीने सांगितले, ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने तट घाला आणि शहर वसवा. सशाने कुत्र्याला पळवण्याची गोष्ट अहमदाबादलाही सांगतात, विजयनगरलाही. कपाळावरचा ठिपका मात्र चांद्याचा स्वतःचा. कपाळावर पांढरा डाग असलेल्या बैलाला आपण चांद्या म्हणतो. त्या ठिपक्यालाच चांद म्हणतात. आणि संस्कृतात चंद्राला शशी, शशांक म्हणतात, कारण त्याच्या अंगावर ससा दिसतो. तिकडे चंद्रावर ससा, इकडे सशावर चंद्र. ज्याने कोणी ही कथा प्रथम सांगितली त्याला दोन्ही ठाऊक असावेत, असे मानण्याचा मोह मी आवरत नाही.

चंद्राचे प्राकृतात चंद आणि मराठीत चांद. दंताचा दात झाला तसाच स्वर दीर्घ झाला, इथे अनुस्वार तेवढा टिकला. म्हणजे चांदा हे चंद्राचेच घरी वाढलेले रूप. 1964 च्या सुमारास सरकारदरबारी चांद्याचे चंद्रपूर झाले तेव्हा घरच्या मुलाला पणजोबाचे नाव दिले गेले. त्याला जोडलेला ‘पूर’ मात्र नेमका बसला आहे. आज पूर म्हणजे शहर, पण ऋग्वेदात पुर म्हणजे तटबंदी. इंद्र पुरंदर झाला तो तटबंद्या फोडल्या म्हणून, आणि ग्रीकांचा ‘पोलिस’, नगरराज्य या अर्थाचा, याच शब्दाचा सख्खा नातलग. नागपूर-सोलापूर लिहिताना तट डोळ्यांसमोर येत नाही. चंद्रपुरात तो समोर उभा असतो.

चांदा हे नाव तरी कुठे गेले? लहान वस्तू जुनी नावे राखतात हे वर म्हटले, पण इथे राखणारे मोठे आहेत. गोंदियाकडून येणाऱ्या रेल्वेमार्गावरचे स्थानक आजही चांदा फोर्ट. भद्रावतीची आयुध निर्माणी चांद्याची. शहरातल्या सभा आणि प्रदर्शने भरतात ते मैदान चांदा क्लबचे. रेल्वे, संरक्षण खाते, जुना क्लब. यांची दप्तरे जिल्ह्याच्या दप्तरापेक्षा वेगळी होती, म्हणून जिल्ह्याने नाव बदलले तरी त्यांच्या पाट्या तशाच राहिल्या. नाव टिकण्यासाठी लहान असावे लागते असे नाही. बदलणाऱ्याच्या हाताबाहेर असले तरी पुरते.

या पाट्यांत आणखी एक आहे, चांदा धर्मप्रांत. 1962 मध्ये केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक चर्चला केरळबाहेर पहिल्यांदाच एक मिशनक्षेत्र मिळाले, ते चांद्याचे. तेव्हा जिल्हा चांदाच होता, आणि रोमच्या दप्तरात तो अजून चांदाच आहे. या धर्मप्रांताचे कॅथेड्रल बल्लारपूरला, संत थॉमसच्या नावाचे. कॅथेड्रल म्हणताना उंच मनोरे आणि रंगीत काचा डोळ्यांपुढे येतात, पण शब्दात उंची नाही. ग्रीक ‘काथेद्रा’ म्हणजे बसायचे आसन. बिशप ज्या आसनावरून शिकवतो ते आसन ज्या चर्चमध्ये, ते कॅथेड्रल. चर्च लहान असले तरी चालते. इंग्रजी ‘चेअर’ही याच काथेद्रातून आली. त्यातला ‘हेद्रा’ आणि आपला ‘सद्’ यांचे मूळ एक. सदन, संसद, गुरूजवळ बसणे सांगणारे उपनिषद, हे सगळे त्याच बसण्याचे. जुन्या गोव्याचे मोठे कॅथेड्रल, 1776 मध्ये ज्याचा एक मनोरा पडला ते, पोर्तुगीजांनी ‘से’ म्हणून ओळखले. लॅटिन ‘सेदेस’, पुन्हा आसनच. आपणही हेच करत आलो. ज्ञानाच्या जागेला विद्यापीठ म्हटले, आणि पीठ म्हणजे बसायची जागा. 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले तेव्हा या दोन जिल्ह्यांनाही असे एक आसन मिळाले, आणि त्याला नाव राज्यकर्त्या घराण्याचे न देता सबंध गोंड प्रदेशाचे दिले हे फार चांगले झाले.

बल्लारपूरच्या आसनाची एक गंमत इतिहासात आधीच होऊन गेली आहे. गोंड राजांची गादी प्रथम सिरपूरला, मग बल्लारपूरला, आणि खांडक्या बल्लाळशहाच्या कथेनंतर ती चांद्याला आली. बिशपांच्या आसनाने उलट केले: नाव चांद्याचे घेतले आणि बसले बल्लारपुरात. राजा ज्या गावातून उठून गेला त्या गावाला त्याचे नाव मात्र चिकटून राहिले, बल्लारपूर. रेल्वेने तर शेवटचा ‘पूर’ही लावला नाही. दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या जिथे थांबतात ते स्थानक बल्हारशाह आहे, आणि तिकिटावर राजाचे नावच छापून येते.